उभ्या गाडीचा कार्बोरेटर : दोष नेमका शोधावा कुठे?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने तिला जाणे भागच होते. खासगी मालकीच्या पद्मिनी मात्र अजूनही आहेत. जुन्या इमारतींच्या आवारात, बंगल्यांच्या पोर्चमध्ये, ताडपत्रीखाली त्या उभ्या असतात. बहुतेक गाड्या वडिलांनी किंवा आजोबांनी हौसेने घेतलेल्या असतात आणि त्यांच्या पश्चात विकायला कोणाचे मन होत नाही. आठ-दहा वर्षांनी कधीतरी गाडी सुरू करण्याचे घरात ठरते. नवी बॅटरी बसवली जाते, सेल्फ मारला जातो आणि इंजिन नुसतेच घरघरते. भोवती जमलेल्यांपैकी एक जण मग हमखास म्हणतो, 'कार्बोरेटरमध्ये कचरा आला असेल.'

हे निदान चुकीचे असतेच असे नाही. बहुधा ते अपुरे असते. कार्बोरेटर खोलून, पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवला की गाडी सुरू होते, दोन किलोमीटर जाते आणि सिग्नलला पुन्हा बंद पडते. असे दोन-तीन वेळा झाले की मूळ कार्बोरेटर 'गेला' असे ठरवून त्याजागी बाजारातला कोणता तरी नवा बसवला जातो आणि जुना भंगारात जातो. वास्तविक दोष टाकीतल्या गंजात, पंपाच्या पडद्यात किंवा डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमध्ये असतो. म्हणूनच कार्बोरेटरची दुरुस्ती कार्बोरेटरपासून सुरू करू नये, हा या कामातला पहिला नियम मानला जातो.

पद्मिनी आणि सोलेक्स

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० या गाडीचे भारतीय रूप तयार होत असे. साठच्या दशकातली 'डिलाइट', १९७२ ची 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासूनची 'पद्मिनी' ही एकाच गाडीची पुढची नावे. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि त्यावर बहुतांश गाड्यांना सोलेक्स जातीचा, एका घशाचा कार्बोरेटर. त्याच्या नावातला ३२ हा आकडा म्हणजे थ्रॉटलच्या झडपेपाशी असलेला घशाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

त्याचे काम ऐकायला सोपे आहे. इंजिन वरून हवा ओढते. ही हवा घशाच्या अरुंद भागातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. बाजूच्या वाटीत साठलेले पेट्रोल या कमी दाबामुळे बारीक छिद्रातून वर ओढले जाते, हवेत मिसळते आणि सिलिंडरकडे जाते. या छिद्रांना जेट म्हणतात. गाडी धावताना पेट्रोल देणारा मुख्य जेट वेगळा, उभ्या गाडीत इंजिन हळू चालू ठेवणारा आयडल जेट वेगळा. अॅक्सिलरेटर एकदम दाबला तर पेट्रोलची छोटी पिचकारी मारणारा पडद्याचा पंप वेगळा आणि थंड इंजिनासाठीची चोकची व्यवस्था आणखी वेगळी. वाटीतली पेट्रोलची पातळी राखण्याचे काम फ्लोट आणि नीडल व्हॉल्व्ह करतात. घराच्या गच्चीवरील टाकीतला फुगा करतो तेच.

यातील आयडल जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. वाळूचा एक कणही तिथे पुरतो.

पेट्रोलही बदलले आहे

पेट्रोल हा एक पदार्थ नाही, अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे. त्यातील हलकी द्रव्ये काही महिन्यांत उडून जातात. नेमकी तीच थंड इंजिन पेटवायला आवश्यक असतात. मागे उरते ते जड, पिवळसर, रंगकामातल्या वॉर्निशसारखा वास येणारे द्रव. तेही आटले की वाटीच्या तळाशी आणि जेटच्या आत चिकट थर बसतो. हा थर साध्या पेट्रोलने निघत नाही, हे लक्षात न आल्यानेच 'साफ केलेला' कार्बोरेटर पुन्हा बंद पडतो.

त्यात इथेनॉलची भर पडली आहे. देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये सरासरी दहा टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ पासून वीस टक्के मिश्रण सर्वत्र रूढ झाले. इथेनॉल हवेतील बाष्प ओढून घेते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घेऊन चार महिने उभी असलेली गाडी किती पाणी गोळा करीत असेल याची कल्पना करता येईल. पाण्याचे प्रमाण वाढले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशी बसतात. टाकीतून पेट्रोल उचलणारी नळीही तळाशीच असते. कार्बोरेटरचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असल्याने ओलाव्याने त्याच्या आत पांढरी भुकटी धरते. ही भुकटी दिसली की ओलाव्याने आतवर काम केले आहे असे समजावे.

दुसरी बाब फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. जी गाडी २०१२ मध्ये शेवटची चालली, ती एका पेट्रोलवर झोपली आणि दुसऱ्या पेट्रोलवर जागी होत आहे. तिच्यातील रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि वॉशर इतक्या इथेनॉलसाठी बनलेलेच नव्हते. ताजे पेट्रोल भरल्यावर पहिले काही दिवस सर्व ठीक चालते. मग नळी फुगते, मऊ पडते आणि तिचे काळे कण जेटमध्ये जाऊन बसतात. काही ठिकाणी नळीला भेग पडून पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकते. त्यामुळे कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या सर्व रबरी नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात. खर्च काही शे रुपयांचा असतो. न केल्यास किंमत गाडीची असते.

सेल्फ मारण्यापूर्वी

वर्षानुवर्षे उभ्या गाडीत नवी बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारणे सर्वथा टाळावे. आधी चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, एक रात्र जाऊ द्यावी आणि इंजिन हाताने फिरते का ते पाहावे. फिरत नसेल तर कार्बोरेटरचा विषय तेथेच संपतो. इंजिन ऑइलही बदलून घ्यावे. पंपाचा पडदा फाटलेला असल्यास पेट्रोल खाली चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन फिरवूच नये.

त्यानंतर टाकी. जुने पेट्रोल पूर्ण काढून काचेच्या बरणीत थोडे घ्यावे आणि तासभर स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी, तांबडा गाळ दिसला तर गंज. गाळ थोडा असेल तर टाकी धुऊन भागते. जास्त असेल तर टाकी उतरवून आतून स्वच्छ करण्यास पर्याय नाही. पुढे कितीही फिल्टर लावले तरी ते दर आठवड्याला भरतात. जुने पेट्रोल गटारात ओतू नये. रिकाम्या टाकीला घरच्या घरी वेल्डिंग तर मुळीच करवून घेऊ नये, कारण पेट्रोलची वाफ भरलेली रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते.

ठिणगी की पेट्रोल?

आता खरा तपास. इंजिन फिरते पण पेटत नाही, तेव्हा प्रश्न दोनच : ठिणगी पडते का आणि पेट्रोल पोहोचते का? उभ्या गाडीत डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि ठिणगी एक तर पडत नाही किंवा पिवळट, मरगळलेली पडते. बारीक पॉलिश पेपरचा एक हात फिरवला आणि गॅप पुन्हा लावला की अनेक 'कार्बोरेटरचे' रोग तेथेच बरे होतात. कंडेन्सर जुना असेल तर तोही बदलावा. प्लग काढून इंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी पाहण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्या वेळी आसपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करणे फार थोड्यांना आठवते.

पेट्रोलची परीक्षा याहून सोपी आहे. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढावा, घशात डोकावून थ्रॉटलचा दांडा हाताने झटक्यात उघडावा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली तर वाटीत पेट्रोल आहे आणि पिचकारीचा पंपही चालतो. दिसली नाही तर कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडून बाटलीत धरावी, कॉइलची वायर काढून ठेवावी आणि इंजिन काही सेकंद फिरवावे. ठोके देत पेट्रोल येत असेल तर दोष कार्बोरेटरच्या आत, बहुधा चिकटून बसलेल्या नीडल व्हॉल्व्हमध्ये. येत नसेल तर दोष पंपात किंवा त्याच्या मागे. एवढ्या दहा मिनिटांच्या तपासाने अर्धे काम होते, आणि नेमका तोच टाळला जातो.

बाटलीने घशात पेट्रोल ओतत सेल्फ मारण्याची पद्धत गॅरेजांमध्ये सर्रास दिसते. मिश्रण पातळ असेल किंवा टायमिंग बिघडलेले असेल तर इंजिन उलटे 'फायर' मारते, ज्वाला घशातून वर येते आणि बाटली हातात असते. काम मोकळ्या हवेत करावे, तळघरातील पार्किंगमध्ये नव्हे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचून राहते. ड्राय पावडरचे अग्निशामक हाताशी असावे, डिकीत नव्हे.

खोलण्याची वेळ आलीच तर

प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवावा. मोबाइलने या धंद्यावर केलेला हा मोठा उपकार आहे. पांढऱ्या ताटात भाग क्रमाने मांडावेत. नव्या गॅस्केट आणि पडद्यांचे किट आधी आणावे, मग खोलावे. उलटे केले तर वाळलेले पॅकिंग फाटते आणि गाडी आठवडाभर अर्धवट उघडी राहते.

जेट पितळेचे असतात, पितळ मऊ असते. त्यात सुई, टाचणी किंवा स्टीलची तार घातली की छिद्र मोठे होते आणि त्या कार्बोरेटरचे मोजमाप कायमचे बिघडते. जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये काही तास बुडवून ठेवावेत, मग दाबाच्या हवेने फुंकावेत. घरी कॉम्प्रेसर नसला तरी नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे असतो. फारच अडले तर नायलॉनच्या ब्रशचा एक केस वापरावा. उजेडासमोर धरल्यावर छिद्र पूर्ण गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. जेटपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे कार्बोरेटरच्या अंगातील आडवे-उभे मार्ग. जेट चकचकीत करून हे मार्ग तसेच सोडले जातात, आणि आयडलिंग न लागण्याचे कारण बहुधा तेथेच दडलेले असते. क्लीनर एका तोंडातून फवारला की दुसऱ्या तोंडातून तो धारेने बाहेर आला पाहिजे. फवारताना डोळ्यांना चष्मा हवा. पडदे आणि रबरी वॉशर मात्र आधी काढून ठेवावेत, हा द्रव त्यांना खातो.

फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. आत खळखळ ऐकू आली तर त्यात पेट्रोल शिरले आहे. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की छिद्रातून बुडबुडे येतात आणि जागा सापडते. नीडल व्हॉल्व्हची परीक्षा तोंडानेही होते : सुई वर दाबून नळीतून फुंकले असता हवा जाता कामा नये. किटमधले नवे व्हॉल्व्हही कधी कधी गळके निघतात, म्हणून ही परीक्षा त्यांचीही घ्यावी. व्हॉल्व्ह बदलताना त्याखालच्या वॉशरची जाडी जुन्याइतकीच ठेवावी, कारण सोलेक्समध्ये वाटीतील पातळी त्या जाडीने बदलते.

झाकण आणि बुडाची बैठक काचेवर ठेवून डुगडुगते का ते पाहावे. वर्षानुवर्षे नट करकचून आवळल्याने या बैठका वाकतात आणि फटीतून हवा शिरते. थ्रॉटलचा आडवा दांडा हाताने वरखाली हलवून पाहावा. तो स्पष्टपणे खिळखिळा असेल तर कितीही ट्युनिंग केले तरी आयडलिंग लागणार नाही. लेथवाल्याकडून बुश बसवून घेणे हाच इलाज.

लक्षणे काय सांगतात?

चोक ओढल्यावरच इंजिन चालते आणि सोडला की बंद पडते, हे उभ्या गाडीचे सर्वांत नेहमीचे लक्षण. अर्थ एवढाच की मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे : आयडल जेट किंवा त्याचा मार्ग बंद आहे, नाही तर कोठून तरी जादा हवा शिरते आहे. बुडाच्या गॅस्केटभोवती साबणाचे पाणी लावले आणि इंजिनाचा आवाज बदलला तर हवेची गळती सापडली.

अॅक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर गुदमरते आणि मग पळते, तेव्हा पिचकारीच्या पंपाचा पडदा कडक झालेला असतो. आयडलिंग उत्तम पण वेग घेताना झटके, यात मुख्य जेट किंवा इंधनाचा पुरवठा संशयित. काळा धूर, पेट्रोलचा वास आणि काजळलेले प्लग हे उलट बाजूचे लक्षण. पातळी जास्त, नीडल व्हॉल्व्ह गळका किंवा चोकची केबल पूर्ण परत येत नाही. केबलची शक्यता सर्वांत स्वस्त असल्याने ती आधी तपासावी. कार्बोरेटर बाहेरून ओला दिसत असेल तर गाडी चालवू नये.

दहा मिनिटे चालून बंद पडणारी आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होणारी गाडी मात्र भल्याभल्यांना चकवते. यात टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले असू शकते. टाकीत निर्वात पोकळी तयार होऊन पेट्रोल येणे थांबते. बंद पडल्यावर झाकण उघडून 'फुस्स' आवाज आला की उत्तर मिळाले. दुसरी शक्यता उष्णतेची. उन्हाळ्यात घाट चढताना पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. पंपावर ओले फडके गुंडाळून घाट चढणारे जुने टॅक्सीचालक हा इलाज अनुभवाने शिकले होते. इथेनॉलयुक्त पेट्रोलमध्ये हा त्रास वाढू शकतो, म्हणून इंधनाची नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे आणि कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक जाड ठोकळा शाबूत असणे आवश्यक ठरते.

अॅम्बेसेडरच्या मालकांसाठी एक खुलासा. त्या गाडीच्या अनेक मॉडेलवर एसयू जातीचा कार्बोरेटर होता आणि त्याचे तंत्र वेगळे. त्यात वरच्या घुमटात एक पिस्टन हवेच्या ओढीने वरखाली होतो. पिस्टन बोटाने उचलून सोडला असता 'टक्' असा स्वच्छ आवाज करीत खाली बसला पाहिजे. उभ्या गाडीत तो अडकतो. घुमटातील नळीत थोडे पातळ ऑइल लागते, आणि ते कोरडे असेल तर वेग घेताना गाडी अडखळते. घुमट आणि पिस्टन ही एकमेकांसाठी घासून जुळवलेली जोडी असते. दोन गाड्यांचे भाग सरमिसळ करू नयेत.

शेवटचा स्क्रू शेवटीच

आयडलिंगचा मिश्रणाचा स्क्रू सर्वांत शेवटी हातात घ्यायचा असतो. प्रत्यक्षात तो सर्वांत आधी फिरवला जातो. तो अलगद आत टेकवून दीड फेरा बाहेर काढावा आणि तेथून सुरुवात करावी. जोराने आवळला की टोकाला चर पडतो आणि स्क्रू निकामी होतो. सोलेक्समध्ये हा स्क्रू आत गेला की पेट्रोल कमी, बाहेर आला की जास्त. इंजिन पूर्ण गरम असताना पाव-पाव फेरा फिरवून ज्या जागी आवाज सर्वांत सलग लागतो, तेथे थांबावे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे साडेतेरा पट. म्हणजे जुन्या जेटमधून आजचे मिश्रण थोडे पातळच पडते आणि स्क्रू पूर्वीपेक्षा किंचित बाहेर ठेवावा लागतो. जेट मोठा करण्याची घाई मात्र करू नये. पीयूसी केंद्रातील यंत्राचा येथे उपयोग होतो. या काळातील गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे, आणि आकडा पाहत स्क्रू लावणे कानावर लावण्यापेक्षा खात्रीचे. हे काम बंद गॅरेजमध्ये करू नये, कारण या वायूला वास नसतो.

नवा कार्बोरेटर घेण्याचा मोह या टप्प्यावर पुन्हा होतो. बाजारात मिळणारे सर्व नग वाईट नसतात, पण जेटचे माप मूळ इंजिनाशी जुळतेच असे नाही. अंगाला तडा गेला असेल किंवा पांढऱ्या भुकटीने मार्ग पोखरले असतील, तरच बदलणे रास्त. तेव्हाही जुना कार्बोरेटर तेल लावून डब्यात ठेवावा. त्यातील जेट, दांडे आणि स्प्रिंगा पुढे सुट्या भागांसाठी लागतात. दुचाक्यांमधूनही एप्रिल २०२० च्या बीएस-६ निकषांनंतर कार्बोरेटर जवळपास गेला. तो हाताने लावू शकणारे कारागीर जुन्या पिढीतच उरले आहेत, म्हणून ओळखीचा मिस्त्री काम करीत असताना शेजारी उभे राहून पाहून घेतलेले बरे.

गाडी सुरू झाली म्हणून लगेच रस्त्यावर नेऊ नये. इतकी वर्षे उभ्या गाडीचे ब्रेक सिलिंडर बहुधा चिकटलेले असतात आणि नोंदणी व विम्याची मुदत उलटलेली असते. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पुढे आठवड्यातून एकदा जागेवरच पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याच्या प्रथेचा उपयोग कमी आणि तोटा अधिक. इंजिन पुरते तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचते. त्याऐवजी पंधरवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे गाडी फिरवून आणावी. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभीच राहणार असेल, तर टाकी रिकामी करून कोरडी करावी, पंपाची नळी सोडावी आणि वाटीतले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे.